जवळचं एटीएम आणि पैसे असलेलं एटीएम

नोव्हेंबर २०१६ च्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या एका एटीएमच्या काचेवर वहीचं पान चिकटवलेलं होतं. निळ्या बॉलपेननं लिहिलं होतं, 'कॅश नाही. केव्हा येणार माहीत नाही. वॉचमनला विचारू नये.' त्याच वेळी माझ्या हातातल्या फोनवर, आम्हीच बनवलेल्या ॲपमध्ये, त्याच मशीनवर ठिपका होता आणि खाली मजकूर होता, 'तुमच्यापासून ४ मीटर'.

दोन्ही मजकूर खरे होते. फक्त एक उपयोगाचा होता आणि तो आमचा नव्हता.

ते ॲप एका बँकेचं होतं. बँक कोणती ते सोडून देऊ. मी ते बनवणाऱ्या पुण्यातल्या टीममध्ये होतो आणि 'जवळचं एटीएम' ही स्क्रीन माझ्या वाट्याला आली होती. पुढच्या चार महिन्यांत या एका स्क्रीनबद्दल जेवढं शिकलो तेवढं आधीच्या दोन वर्षांत शिकलो नव्हतो. आजही कोणी 'लोकेशन घेऊ आणि ग्राहकाला एटीएम दाखवू' असं सहज म्हणालं की मला ते वहीचं पान आठवतं.

ठिपका पडतो कसा

नोटाबंदीच्या आधी या स्क्रीनकडे कोणाचं लक्ष नसायचं. प्रत्येक बँकेच्या ॲपमध्ये ती असायची, कारण शेजारच्या बँकेच्या ॲपमध्ये होती. ग्राहक कुठे उभा आहे हे शोधायचं काम तर फोनच करतो. उघड्या आकाशाखाली उपग्रहांवरून पाच-दहा मीटरपर्यंत, इमारतीत आजूबाजूच्या वाय-फायवरून, आणि यातलं काहीच मिळालं नाही तर मोबाइलच्या टॉवरवरून. टॉवरवरून काढलेली जागा कधी शेकडो मीटर चुकते, कधी किलोमीटरभर. ॲपनं फक्त परवानगी मागायची, अक्षांश-रेखांश घ्यायचे, आपल्या यादीशी ताडायचे आणि जवळची दहा मशीन दाखवायची. लिहायला बसलं तर एका दुपारचं काम.

घोळ होता तो यादीत. बँकेकडून एक्सेलची फाइल आली होती. त्यातले पत्ते असे: 'मारुती मंदिरासमोर', 'जुन्या टेलिफोन एक्स्चेंजजवळ', 'एसटी स्टँडच्या मागे, तळमजला'. आपल्यापैकी कोणालाही असा पत्ता दिला तर दोन माणसांना विचारून तो बरोबर पोचेल. संगणकाला विचारायची सोय नसते. पत्ता उमगला नाही की तो पिनकोड धरतो आणि त्या पिनकोडचा मध्य म्हणून जी जागा त्याच्याकडे नोंदलेली असते तिथे ठिपका टाकून मोकळा होतो. ४११०३८ म्हणजे कोथरूड. आमची सहा मशीन कोथरूडमध्ये एकाच बिंदूवर एकावर एक रचलेली निघाली. नकाशावर ठिपका एकच, त्यामुळे चाचणी करणाऱ्या मुलीलाही काही वावगं दिसलं नव्हतं. एका ग्राहकाची तक्रार आली तेव्हा कळलं. त्यांनी कळवलं होतं, 'तुमचं ॲप मला दुसऱ्याच्या बंगल्याच्या फाटकात नेऊन उभं करतं. तिथला कुत्रा चांगला आहे, पण एटीएम नाही.'

मग दोन नवीन मुलांना स्कूटर दिली. प्रत्येक मशीनच्या दाराशी जायचं, फोन काढायचा, एक बटण दाबायचं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडला तीन शनिवार लागले. परत आले तेव्हा त्यांच्याकडे अक्षांश-रेखांश होते आणि त्याहून मोलाच्या गोष्टी वहीत लिहिलेल्या होत्या. एक मशीन कंपनीच्या गेटच्या आत, बाहेरच्याला प्रवेश नाही. एक हॉस्पिटलच्या लॉबीत, भेटीची वेळ संपली की सिक्युरिटी सोडत नाही. एक शाखेसोबत वर्षभरापूर्वीच हललेलं, जुन्या जागी आता झेरॉक्सचं दुकान. फाइलमध्ये या कशासाठीच रकाना नव्हता.

आणि अंतराचं एक वेगळंच. आम्ही सरळ रेषेतलं अंतर दाखवत होतो. डेक्कनच्या बसस्टँडपाशी उभं राहिलं की ॲप नारायण पेठेतलं मशीन सगळ्यात जवळचं म्हणून दाखवायचं. रेषेनं जवळच, मधे मुठा नदी. भिडे पूल आहे, पण पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. पुणेकराला हे सांगावं लागत नाही. ॲपला सांगावं लागतं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

तरीही ऑक्टोबर २०१६ पर्यंत यादी बऱ्यापैकी स्वच्छ झाली होती. सहा मशीन सहा जागी आली. आम्ही खूश होतो.

एकवीस पट

८ नोव्हेंबरला मंगळवारी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. चलनातल्या रकमेपैकी साधारण ८६ टक्के रक्कम या दोन नोटांमध्ये होती. एटीएम बंद ठेवून शुक्रवारी, ११ तारखेला, उघडायची होती; एका कार्डावर दिवसाला २००० रुपये. शुक्रवारी सकाळी 'जवळचं एटीएम' ही आमच्या ॲपमधली सगळ्यात जास्त उघडली जाणारी स्क्रीन झाली. दुपारपर्यंत तिच्याबद्दल सगळ्यात जास्त शिव्याही येऊ लागल्या.

रांगा का लागल्या हे कळायला मशीनच्या पोटात बघावं लागतं. साध्या एटीएममध्ये चार कॅसेट असतात, प्लॅस्टिकच्या ट्रंकेसारख्या. प्रत्येकीत एकाच किमतीच्या नोटा, साधारण २००० ते २५०० मावतात. तेव्हाची नेहमीची मांडणी म्हणजे एक कॅसेट शंभराची, दोन पाचशेच्या, एक हजाराची. आता पाटीवर मांडल्यासारखा हिशेब मांडू. प्रत्येक कॅसेट २५०० नोटांनी काठोकाठ भरली तर शंभराचे अडीच लाख, पाचशेचे साडेबारा आणि साडेबारा लाख, हजाराचे पंचवीस लाख. एकूण साडेबावन्न लाख. प्रत्यक्षात एवढी रक्कम कोणी भरत नाही, पण क्षमता ही. ८ नोव्हेंबरनंतर यातली फक्त शंभराची कॅसेट कामाची उरली. साडेबावन्नचे अडीच लाख, एकवीस पट घट. प्रत्येकानं २००० काढले तर वीस नोटा माणशी, म्हणजे १२५ माणसं. एकेकाला दीड-दोन मिनिटं धरा. सकाळी नऊला भरलेलं मशीन दुपारी सव्वाएकच्या आत कोरडं.

नवी दोन हजाराची नोट आली होती, मग ती का नाही भरली? कारण ती वेगळ्या मापाची होती. जुनी पाचशेची नोट ७३ मिलिमीटर रुंद, १६७ लांब. जुनी हजाराची ७३ बाय १७७. नवी दोन हजाराची ६६ बाय १६६, नवी पाचशेची ६६ बाय १५०. कॅसेटच्या आतल्या पट्ट्या नोटेच्या मापाला लावलेल्या असतात, आणि कोणत्या कॅसेटमध्ये किती किमतीची नोट आहे हे मशीनच्या सॉफ्टवेअरलाही सांगावं लागतं. हे फोनवरून होत नाही. माणूस जातो, तिजोरी उघडली जाते, कॅसेट काढून पट्ट्या हलवल्या जातात, चाचणी होते. तिजोरी उघडायला रोकड भरणाऱ्या एजन्सीची माणसं लागतात, मशीनला इंजिनिअर लागतो, आणि दोघं एकाच वेळी एकाच दारात उभे असावे लागतात. देशभरात तेव्हा दोन लाखांहून जास्त एटीएम होती. अर्थमंत्री अरुण जेटलींनी या कामाला दोन-तीन आठवडे लागतील असं सांगितलं. १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी कृतिदल नेमलं. बदल झालेल्या मशीनमधून दिवसाला २५०० काढायची मुभा मिळाली, बाकीच्यांतून २००० च.

म्हणजे आता नकाशावर चार जातींची मशीन होती. बदललेली आणि भरलेली, बदललेली पण रिकामी, न बदललेली पण शंभराच्या नोटा असलेली, आणि शटर ओढलेली. आमच्या ॲपवर सगळ्यांचा ठिपका एकाच रंगाचा.

मामा आणि पानवाला

माझा मामा वारज्याला राहतो. तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. त्या आठवड्यात तो माझ्या ॲपचा सगळ्यात कडक परीक्षक होता, कारण त्याच्याकडे वेळ होता आणि पैसे नव्हते. १९ नोव्हेंबरला शनिवारी सकाळी मी त्याच्याकडे गेलो, म्हटलं, चल मामा, आज मी काढून देतो.

पहिलं मशीन ६०० मीटरवर. शटर अर्धं खाली, आत वॉचमन डबा खात बसलेला. त्यानं आमच्याकडे न बघताच हात हलवला. दुसरं सव्वा किलोमीटरवर. तिथे रांग होती, म्हणजे पैसे असणार असं वाटलं. चाळीस मिनिटं उभे राहिल्यावर कळलं की पुढच्यांनी गाडी येणार असं ऐकलंय म्हणून ते थांबलेत. रांग बघून रांग वाढली होती. तिसऱ्या मशीनपाशी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आत दिवे होते, स्क्रीन चालू होती, कार्ड घेतलं, पिन घेतला, रक्कम विचारली आणि मग माफी मागितली.

मामा बाहेर आला आणि सरळ रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेला. पानवाल्यानं विचारायच्या आधीच सांगितलं, "काका, साडेअकराला संपले. काल संध्याकाळी सातला भरले होते. आज भरतात का नाही, सांगता येत नाही. पण तो खाली पेट्रोल पंपाशेजारचा आहे ना, तिकडनं आत्ताच दोघं नोटा मोजत आले."

आम्ही पेट्रोल पंपाशेजारी गेलो. चौदा जण पुढे होते. मामाला वीस नोटा मिळाल्या.

परत येताना तो म्हणाला, "तुझं ॲप वाईट नाही रे. पण त्याला मशीन कुठे आहे ते माहिती आहे. ते मला पण माहिती आहे. तीस वर्षं राहतोय इथे." मग त्यानं पानवाल्याचा नंबर घेतला आणि 'एटीएम' या नावानं साठवला.

सोमवारी ऑफिसात मी पानवाल्याकडे काय काय होतं याचा विचार करत बसलो. अक्षांश-रेखांश तर नव्हतेच, शिलकीचा आकडाही नव्हता. त्याला फक्त दिसत होतं की दारातून बाहेर येणारा माणूस नोटा मोजत येतो की कार्ड खिशात घालत येतो. शेवटचा माणूस नोटा मोजत कधी आला, एवढं कळलं की पुरे. पुढे आम्ही जे काही केलं ते या एका निरीक्षणावर उभं होतं. हे मी मीटिंगमध्ये असं सांगितलं नाही, अर्थात. तिथे मी 'सिग्नल' म्हणालो.

विचारावं की बघावं

त्या महिन्यात ही गरज ओळखणारे आम्ही एकटे नव्हतो. गुगलनं भारतातल्या आपल्या मुखपृष्ठावर जवळचं एटीएम शोधायचा दुवा टाकला. लाखोंना तो दिसला, पण त्यामागेही ठिपकेच होते. खरेदी-विक्रीच्या जाहिरातींची साइट क्विकर आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना नॅसकॉम यांनी मिळून 'कॅश नो कॅश' ही साइट काढली: पिनकोड टाका, आसपासच्या मशीनमध्ये रोकड आहे का, रांग किती आहे ते बघा. ही माहिती लोकांनीच भरायची.

कल्पना चांगली, अडचण माणसाच्या स्वभावाची. ज्याला पैसे मिळाले तो घाईत असतो. त्याला दूधवाल्याचे द्यायचे असतात, मुलाची फी भरायची असते. तो थांबून 'इथे आहेत' असं कशाला लिहील? ज्याला मिळाले नाहीत तो चिडलेला असतो, तो लिहितो. शिवाय लिहिलेलं जुनं होतं. सकाळी दहाला लिहिलेलं 'आहे' दुपारी एकला खोटं ठरतं, आणि ते खोडायला कोणी परत येत नाही.

या सगळ्यांत मला आजही सगळ्यात हुशार वाटते ती पुण्यातल्याच 'वॉलनट'ची युक्ती. अमित भोर आणि पतंजली सोमयाजी यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे ॲप मुळात घरखर्चाचा हिशेब ठेवायचं. बँकेकडून येणारे एसएमएस ते फोनवरच वाचायचं आणि कुठे किती गेले याची वही आपोआप तयार करायचं. आता बघा. एटीएममधून पैसे निघाले की बँकेचा एसएमएस येतो. तो आला याचा अर्थ पैसे खरोखर निघाले; पुरावा यापेक्षा पक्का नाही. आणि त्या क्षणी फोन कुठे आहे हे लोकेशनवरून कळू शकतं. कोणालाही काही विचारायची गरज नाही. ज्याला पैसे मिळाले तो घाईघाईत निघून गेला तरी त्याचा फोन नावगाव न सांगता निरोप ठेवून जातो की इथे, आत्ता, निघाले. थोड्या वेळात किती जण काढतायत यावरून गर्दीचाही अंदाज येतो. म्हणजे पानवालाच, फक्त प्रत्येक मशीनसमोर एक.

आम्ही मत्सरानं ते ॲप फोनवर टाकलं आणि आठवडाभर बारकाईनं वापरलं. कच्चे दुवेही दिसले, आणि ते वॉलनटचे नव्हते, या पद्धतीचेच होते.

पहिला दुवा शांततेचा. एखाद्या मशीनवरून तासभर एकही निरोप नाही. याचा अर्थ काय? मशीन रिकामं आहे, की तिथे रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कोणाकडेच हे ॲप नाही? बाणेर-हिंजवडीत प्रत्येक तिसऱ्या माणसाच्या हातात असली ॲप होती, मंडईत नव्हती. त्यामुळे मंडईतली चालू मशीनही नकाशावर मेलेली दिसायची. ज्यांना रोकडीची सगळ्यात जास्त नड होती तीच वस्ती सगळ्यात अंधारात. शिवाय हे फक्त अँड्रॉइडवर जमायचं. आयफोन कुठल्याही ॲपला एसएमएस वाचू देत नाही.

दुसरा दुवा उशिराचा. त्या दिवसांत बँकांच्या यंत्रणांवर इतका ताण होता की एसएमएस कधी दहा-पंधरा मिनिटांनी यायचा. तोवर माणूस रिक्षात बसून पुढे गेलेला. पैसे निघाले हे खरं, पण निघाले ती जागा आता फोनच्या पायाखाली नव्हती.

तिसरा सगळ्यात मजेशीर, म्हणजे आता मजेशीर वाटतो. 'इथे पैसे आहेत' असं ज्या मशीनवर दिसेल तिकडे सगळे धावणार. १२५ माणसांचं मशीन. त्यातले साठ आधीच घेऊन गेले, पंचवीस रांगेत, आणि ठिपका बघून दोनशे निघाले. खरी बातमी जितक्या जास्त लोकांना सांगाल तितकी ती लवकर खोटी होते. हवामानाच्या अंदाजानं पाऊस पळून जात नाही, इथे जातो. यावर उतारा एकच सुचला: सगळ्यांना एकच मशीन दाखवायचं नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोघांना ॲपनं वेगवेगळी नावं सांगायची. हे आम्ही कागदावर मांडलं आणि तिथेच सोडलं. बँकेच्या ॲपनं नवऱ्याला एक आणि बायकोला दुसरं एटीएम सांगितलं तर दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवेच्या फोनवर काय ऐकू येईल, हे सगळ्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं.

आडात होतं

या सगळ्या धडपडीत एक गोष्ट मला खुपत राहिली. लोकांच्या फोनमधल्या एसएमएसवरून जे ताडायचं, ते बँकेला आधीपासून ठाऊक असतं. प्रत्येक एटीएम बँकेच्या स्विचशी, म्हणजे व्यवहार मार्गी लावणाऱ्या मधल्या संगणकाशी, बोलत असतं. पैसे निघाले, नाही निघाले, कॅसेट संपत आली, कागदाचा रोल संपला, दार उघडलं, सगळ्याची नोंद पडते. दुसऱ्या बँकेचं कार्ड असेल तर व्यवहार बँकांची एटीएम एकमेकांशी जोडणाऱ्या नॅशनल फायनान्शियल स्विचमधून जातो, जो २००९ पासून एनपीसीआय ही बँकांची सामाईक संस्था चालवते. कुठल्या मशीनमधून शेवटचे पैसे कधी निघाले, ते सेकंदापर्यंत लिहिलेलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आड तुडुंब होता, पोहराच कोणी टाकत नव्हतं.

मी हे विचारलं तेव्हा मिळालेली कारणं सगळीच सबब नव्हती. मशीन बँकेचं असलं तरी चालवणारी कंपनी वेगळी, रोकड भरणारी एजन्सी वेगळी. प्रत्येकाकडे चित्राचा तुकडा. कॅसेटमधला आकडा म्हणजे मशीननं मोजलेला, आणि तीन नोटा अडकल्या तर आकडा शिल्लक दाखवतो आणि मशीन देत काहीच नाही. सुरक्षेचं कारण सगळ्यात वजनदार होतं: कोणत्या मशीनमध्ये किती लाख आहेत आणि गाडी केव्हा येते हे जगाला सांगणारा नकाशा कोणाकोणाला उपयोगी पडेल? यावर वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. पण न बोललेलं एक कारणही होतं. सगळे ठिपके लाल दिसले तर वर्तमानपत्रात फोटो येईल. सगळे निळे असले तर निदान ॲपचा फोटो येत नाही.

शेवटी पानवाल्याच्या युक्तीनंच वाट निघाली. आकडा दाखवायचा नाही, गाडीची वेळ दाखवायची नाही. फक्त 'शेवटचे पैसे निघाले: १२ मिनिटांपूर्वी'. यात चोराला कळण्यासारखं रस्त्यावर उभं राहून कळणार नाही असं काहीच नाही, आणि ग्राहकाला हवं ते सगळं आहे. सुरक्षेच्या विभागानं दोन आठवडे विचार करून हो म्हटलं.

मग बारकावे. बारा मिनिटं म्हणजे चांगलं की वाईट? स्टेशनसमोरच्या मशीनमधून दर दोन-तीन मिनिटांनी कोणीतरी काढतं. तिथे अर्धा तास शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या मशीनवर रात्री चार तास कोणी फिरकत नाही; तिथे शांतता म्हणजे झोप. त्यामुळे एकच मर्यादा सगळ्यांना लावली तर निम्मी मशीन उगाच लाल होतात. प्रत्येक मशीनची तिच्याच सवयीशी तुलना करावी लागली: या वारी, या तासाला इथे एरवी किती व्यवहार होतात आणि आज किती. त्यावर एक साधा नियम ठेवला. लागोपाठ तीन वेगळ्या कार्डांना नकार मिळाला आणि मधे एकही यशस्वी व्यवहार नाही, तर बाकी काही असो, ठिपका राखाडी. वेगळी कार्डं का, तर एकच माणूस चुकीचा पिन तीनदा टाकतो. माझी आई टाकते.

अंतराच्या जागी चालत जायला लागणारा वेळ आला आणि नारायण पेठेचं मशीन डेक्कनवाल्यांच्या यादीत खाली गेलं. यादीचा क्रम अंतरावर न ठेवता 'पैसे मिळण्याची शक्यता आणि चालण्याचा वेळ' या दोन्हींवर ठेवला. सहाशे मीटरवरच्या संशयास्पद मशीनच्या वर सव्वा किलोमीटरवरचं चालू मशीन. हा बदल सगळ्यात छोटा, आणि लोकांना जाणवला तो हाच.

आम्ही हे लोकांच्या हातात दिलं एप्रिल २०१७ मध्ये. पैसे काढण्यावरची शेवटची बंधनं १३ मार्चला उठली होती. वरातीमागून घोडं, असं टीममधल्या एकानं केकवरच लिहून आणलं.

राहिलेलं

खेड्यांबद्दल आमच्या ॲपकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. तालुक्याच्या गावी एटीएम कुठे आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, दोन असतात. तिथे नकाशा नको असतो, सकाळी घरून निघायच्या आधी 'आज आहे की नाही' एवढा निरोप हवा असतो, कारण चौदा किलोमीटर वडापनं जाऊन हात हलवत परत यायला दिवस जातो. त्यात १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली होती आणि गावांची सगळी भिस्त याच बँकांवर. आम्ही एसएमएसनं उत्तर देणारी सोय सुचवली होती: मशीनचा नंबर पाठवा, उत्तर मिळेल. ती मंजुरीच्या रांगेत उभी राहिली आणि तिथेच राहिली. ही या प्रकरणातली खरी चूक, असं माझं मत आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन, जीपीएस आणि पाच पर्याय होते त्याला आम्ही सहावा पर्याय दिला.

दुसरं अपुरेपण म्हणजे आमच्या ॲपवर आमचीच मशीन. ग्राहकाचं कार्ड कुठल्याही बँकेच्या मशीनमध्ये चालतं, महिन्यात काही व्यवहार फुकटही असतात, आणि त्या डिसेंबरअखेरपर्यंत तर रिझर्व्ह बँकेनं दुसऱ्या बँकेच्या मशीनचं शुल्कही माफ करायला लावलं होतं. रांगेतल्या माणसाला मशीन कोणाचं याच्याशी देणंघेणं नव्हतं. पण कोणतीही बँक ग्राहकाला शेजारच्या बँकेच्या दारात स्वतःहून पाठवत नाही.

वॉलनट २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या ऑनलाइन कर्ज देणाऱ्या कंपनीनं विकत घेतलं. त्याच वर्षी गुगलनं एसएमएस वाचायच्या परवानगीवर कडक बंधनं आणली. खासगीपणाच्या दृष्टीनं योग्यच. बँकेचे एसएमएस वाचणाऱ्या ॲपला तुमच्याबद्दल तुमच्या बायकोपेक्षा जास्त माहिती असते. पण तशी युक्ती आज नव्यानं कोणी करू म्हटलं तर सोपी नाही.

आणि २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियमच केला: १ ऑक्टोबरपासून एखादं एटीएम महिन्याभरात एकूण दहा तासांपेक्षा जास्त वेळ रोकडीविना राहिलं तर त्या मशीनमागे दहा हजार रुपये दंड. त्यासाठी रोकड नसल्यामुळे मशीन किती वेळ बंद होतं याचं यंत्रणेतून निघालेलं विवरण बँकांनी द्यायचं. म्हणजे कोणतं मशीन किती वाजल्यापासून कोरडं आहे याचा तक्ता निघू शकतो. तो रिझर्व्ह बँकेकडे जातो.

मी ते काम सोडून बरीच वर्षं झाली. मामा अजून वारज्यालाच आहे. बहुतेक ठिकाणी तोही आता फोननंच पैसे देतो, पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कामवाल्या मावशींचे आणि इस्त्रीवाल्याचे पैसे त्याला नोटांत लागतात. मशीनकडे जायच्या आधी तो 'एटीएम'ला फोन करतो. गेल्या दिवाळीत मी तिथेच बसलो होतो. फोन झाला, मामा हसायला लागला.

"काय झालं?"

"पानवाला म्हणतो, काका, पैसे नाहीत असं नाही, मशीनच नाही. परवा टेम्पोत घालून घेऊन गेले."

मी सवयीनं बँकेचं ॲप उघडलं. ठिपका होता. तुमच्यापासून ६०० मीटर, चालत आठ मिनिटं.